उजेडाने वळणारा रेणू

गेल्या वर्षी नात्यातल्या एका बाळंतिणीला भेटायला इस्पितळात गेलो होतो. बाळ तीन दिवसांचे. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पांढरी पट्टी आणि वरून निळाशार उजेड. बाहेर बाकावर बाळाच्या पणजी, म्हणजे नात्याने माझ्या आत्या, बसल्या होत्या. शेजारच्या बाईला त्या खात्रीने सांगत होत्या, "शेक देतायत बाळाला. आमच्या वेळी शेगडी होती, आता दिवा आलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, एवढ्यासाठी इस्पितळ कशाला? सकाळच्या कोवळ्या उन्हात धरलं असतं तरी उतरली असती कावीळ."

"आत्या, हा शेक नाही, उजेड आहे," मी म्हणालो. "मग उजेड करतो तरी काय?" त्यांनी विचारले. मला धड उत्तर देता आले नाही. प्रकाशाने कपड्याचा रंग विटतो, झाडाची पाने अन्न तयार करतात, एवढे शाळेत शिकलो होतो. पण बाळाच्या कातडीवर पडलेला निळा उजेड आत रक्तातल्या पिवळेपणापर्यंत पोचतो कसा आणि तिथे पोचून नेमके काय करतो? या प्रश्नामागे जाताना प्रकाश-रसायनशास्त्र नावाची एक मोठी शाखा समोर आली. तिचे सगळे मर्म या एका उदाहरणात सापडते, असे माझे मत झाले आहे. आत्यांना द्यायचे राहिलेले उत्तर म्हणजे हा लेख.

चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण

गोष्ट इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातली, १९५६ सालची. रॉचफर्डच्या सरकारी इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होता. मोकळी हवा आणि ऊन यांवर या बाईंचा मोठा विश्वास. चांगले ऊन पडले की त्या नाजूक बाळांनाही अंगणात न्यायच्या आणि डॉक्टरांची फेरी सुरू होण्याआधी परत आणून ठेवायच्या. अशाच एका फेरीत त्यांनी जरा बिचकतच डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. सगळे अंग फिकट झालेले, पण एक त्रिकोणी भाग मात्र गडद पिवळा. या जागेवर काही औषध लावले आहे की काय, असे डॉक्टर डॉब्स यांनी विचारले. तसे काहीच नव्हते. चादरीच्या कोपऱ्याने तेवढा भाग झाकला गेला होता. म्हणजे त्रिकोण नव्याने पिवळा झाला नव्हता, बाकीचे बाळ पिवळे राहिले नव्हते.

पुढे काही आठवड्यांनी त्याच इस्पितळात काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली. तपासणी केली तेव्हा पिवळ्या द्रव्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. या दोन गोष्टी जुळवून क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी प्रयोग केले, निळसर ट्यूबलाइट बसवलेले एक उपकरण तयार केले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला निबंध छापला.

त्या काळी या शोधाची किंमत किती होती हे समजायला एक शब्द पुरे: केर्निक्टेरस. मेंदूच्या गाभ्यात पिवळे द्रव्य साचण्याला जर्मन शवविच्छेदनतज्ज्ञ श्मोर्ल यांनी १९०३ साली हे नाव दिले होते. त्यातून जगलेले मूल बहिरे होऊ शकते, हातापायांवरचा ताबा गमावू शकते, आणि ही हानी पुन्हा भरून येत नाही. द्रव्याचे प्रमाण फार वाढले तर बाळाचे रक्त थोडे थोडे काढून दुसऱ्याचे रक्त भरायचे, हाच तेव्हाचा मुख्य मार्ग होता आणि तोही धोक्याचा. तरीही उजेडाच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळायला १९६८ साल उजाडले. त्या वर्षी व्हरमाँटच्या जेरोल्ड लुसी यांनी तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पिवळे येते कुठून?

मुका मार लागला की कातडी आधी काळीनिळी होते, मग हिरवट आणि शेवटी पिवळी पडून डाग नाहीसा होतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. ते एका रेणूच्या विघटनाचे टप्पे आहेत. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये 'हीम' नावाचे एक कडे असते. जुन्या रक्तपेशी मोडतात तेव्हा हे कडे एका जागी तुटते आणि त्याची सरळ साखळी होते. ती हिरवी असते, तिचे नाव बिलिव्हर्डिन. तिच्या मधोमध असलेल्या दुव्यात किरकोळ बदल झाला की होते बिलिरुबिन, आणि ते पिवळे असते.

मोठ्या माणसाच्या शरीरातही हे रोज घडते. यकृत बिलिरुबिनला साखरेसारख्या एका रेणूची जोड देते, ते पाण्यात विरघळणारे बनते आणि पित्तावाटे आतड्यात जाते. नवजात बाळाची अडचण दुहेरी असते. त्याच्या रक्तपेशी प्रौढांच्या पेशींपेक्षा लवकर मोडतात आणि जोडणीचे काम करणारे यकृत अजून तयारीचे नसते. म्हणून निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते, काहींची चढत जाते. (मोठ्यांची कावीळ हे प्रकरण वेगळे. ती बहुधा यकृताच्या किंवा पित्तमार्गाच्या आजाराची खूण असते आणि निळा दिवा हा तिच्यावरचा उपाय नव्हे. डोक्यावर घातलेली काविळीची माळ तर मुळीच नव्हे.)

आता प्रश्न असा, की बिलिरुबिन पाण्यात विरघळत का नाही? त्याच्या अंगात पाण्याशी जुळणारे भाग भरपूर आहेत. पण ते सगळे आत वळलेले आहेत. हा रेणू मधोमध दुमडलेला असतो, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा. एका पानाचा हात दुसऱ्या पानाला आणि दुसऱ्याचा पहिल्याला, अशा सहा हायड्रोजन बंधांनी त्याने स्वतःलाच कवटाळलेले असते. बॉनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली स्फटिकावर क्ष-किरण टाकून ही घडी पाहिली. विड्याला लवंग टोचली की आतला ऐवज जसा बाहेर दिसत नाही, तसेच हे. बाहेर उरतो तो तेलकट, चरबीशी सलगी करणारा पृष्ठभाग. म्हणून बिलिरुबिन पित्तात उतरत नाही, आणि प्रमाणाबाहेर वाढले की मेंदूत मात्र शिरू शकते.

म्हणजे या द्रव्याचे विष त्याच्या घडीत आहे. घडी मोडता आली, तर एकही अणू न काढता आणि न घालता रेणूचा स्वभाव बदलेल.

शेक आणि उजेड

घडी मोडायला ऊर्जा हवी. मग ती शेकाने का देता येत नाही?

उष्णता ही सगळ्यांत वाटली जाणारी गोष्ट आहे. अंग तापले की अंगातल्या प्रत्येक रेणूची धडपड थोडी थोडी वाढते. बाळाचे तापमान २ अंशांनी वाढले, तर रेणूंच्या वाट्याला येणारी सरासरी ऊर्जा १ टक्कासुद्धा वाढत नाही. बाळाला मात्र तेवढाच ताप त्रासदायक होईल. एका रेणूची घडी मोडण्याएवढी ऊर्जा शेकाने पुरवायची म्हटले, तर त्याआधी सगळे शरीरच भाजून निघेल.

प्रकाशाचा हिशेब निराळा. आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले, की प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या कणांनी येते. असा एक कण म्हणजे फोटॉन. तो घेतला तर पूर्ण घेतला जातो, नाही तर मुळीच नाही. आणि साधारणपणे एक कण एकाच रेणूला लागू पडतो. निळ्या प्रकाशाच्या, म्हणजे सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका कणातली ऊर्जा ही शरीराच्या तापमानाला रेणूंच्या वाट्याला येणाऱ्या सरासरी उष्ण-ऊर्जेच्या जवळजवळ १०० पट असते. गावजेवणात सगळ्यांच्या पानात चिमूट चिमूट वाढणे आणि एकाच भुकेल्यासमोर भरलेले ताट ठेवणे, एवढा हा फरक आहे. शेजारचा रेणू थंडच राहतो, पण ज्याला कण मिळाला त्याच्यासाठी जग क्षणभर पालटते.

पण ताट कोणासमोर जाणार, हे कसे ठरते? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते. ग्रोथुस यांनी १८१७ मध्ये आणि पुढे ड्रेपर यांनी स्वतंत्रपणे एक साधा नियम सांगितला: पदार्थाने जो प्रकाश शोषला, तोच त्याच्यात बदल घडवू शकतो. आरपार गेलेला किंवा परत फिरलेला प्रकाश काही करत नाही. आता पाहा, बिलिरुबिन पिवळे का दिसते? कारण पांढऱ्या उजेडातला निळा भाग ते शोषून घेते आणि उरलेला पिवळसर आपल्याकडे परत येतो. म्हणजे रोगाच्या रंगातच औषधाचा पत्ता लिहिलेला आहे. पिवळ्या द्रव्याला निळा उजेड लागू पडणार. पिवळ्या दिव्याखाली बाळाला कितीही वेळ ठेवले, तरी बिलिरुबिन त्या उजेडाकडे ढुंकूनही पाहणार नाही.

दोन खिळे

रेणूत फोटॉन शिरल्यावर काय होते, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. कार्बनचे दोन अणू एकमेकांना धरून ठेवतात ते इलेक्ट्रॉनांच्या जोडीने. एका जोडीने धरले असेल तर एकेरी बंध, दोन जोड्यांनी धरले असेल तर दुहेरी. भिंतीवर एका खिळ्याने ठोकलेली पाटी बोटाने फिरवता येते. दुसरा खिळा मारला की ती जागची हलत नाही. एकेरी आणि दुहेरी बंधांत नेमका हाच फरक आहे. एकेरी बंधाभोवती रेणूचा भाग फिरू शकतो, दुहेरी बंधाभोवती नाही.

बिलिरुबिनच्या साखळीत दुहेरी आणि एकेरी बंध आलटून पालटून येतात. अशी मालिका असली की दुसऱ्या खिळ्याचे इलेक्ट्रॉन थोडे सैल, थोडे पसरलेले राहतात आणि दृश्य प्रकाशाच्या कणानेही हलू शकतात. नुसत्या एकट्या दुहेरी बंधाला हलवायला याहून फार जास्त ऊर्जेचा अतिनील प्रकाश लागतो, आणि म्हणूनच असले साधे पदार्थ रंगहीन दिसतात. बिलिव्हर्डिनमध्ये ही मालिका मधल्या दुव्यातूनही सलग जाते, बिलिरुबिनमध्ये ती तिथे तुटून दोन आखूड तुकडे होतात. हिरव्याचे पिवळे होते ते त्यामुळे.

निळा कण शोषला गेला की यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तिथे तो बांधून ठेवण्याऐवजी दूर लोटण्याचे काम करतो. दुसरा खिळा जणू उपटला जातो. आता पाटी फिरू शकते. साखळीच्या टोकाचे कडे गिरकी घेऊ लागते, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात इलेक्ट्रॉन खाली येतो, खिळा पुन्हा बसतो. पाटी कोणत्या बाजूला असताना तो बसला, यावर सगळे अवलंबून. बहुतेक वेळा ती मूळ जागीच येते आणि घेतलेली ऊर्जा नगण्य उष्णता होऊन पसरते. पण काही वेळा ती अर्धी फेरी पूर्ण करते आणि टोकाचे कडे उलट्या दिशेला बसते.

असे झाले की आतली मिठी सुटते. ज्या हातांना धरायला समोर कडे होते, ते कडेच वळलेले असते. विड्याची लवंग निघते, पाण्याशी जुळणारे भाग बाहेर पडतात. अणू तेवढेच, त्यांची संख्या तीच, रासायनिक सूत्र तेच. बदलला तो फक्त आकार. अशा जुळ्या रेणूंना रसायनशास्त्रात समघटक म्हणतात.

पित्तातले कोडे

हे सगळे आज इतके सरळ वाटते, पण उपचार सुरू झाल्यानंतर बरीच वर्षे समजूत वेगळी होती. उजेडाने बिलिरुबिन जळते, त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे बाहेर पडतात, असे मानले जाई. उन्हात रंग विटतो, तसे. ही समजूत एका जातीच्या उंदरांनी मोडली.

गन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उंदरांच्या यकृतात जोडणीचे काम करणारे विकर जन्मतःच नसते. त्यांचे बिलिरुबिन पित्तात जवळजवळ उतरतच नाही आणि ते जन्मभर पिवळे राहतात. ऑस्ट्रो यांनी १९७१ साली दाखवले, की अशा उंदरांवर उजेड टाकला की त्यांच्या पित्तात बिलिरुबिन उतरू लागते. त्यात तुकडे होते, पण अखंड, जोडणी न झालेले बिलिरुबिनही मोठ्या प्रमाणात होते. म्हणजे ज्याला नाक्यावरून जायची परवानगीच नव्हती, तोच पलीकडे उभा सापडला!

कोडे पुढच्या काही वर्षांत मॅकडोनाह आणि लाइटनर यांच्या कामातून उलगडले. नाका ओलांडताना रेणू वळलेल्या आकारात होता. पित्तात पोचल्यावर तो परत वळला आणि मूळ रूपात आला. पहिल्या प्रकारचा समघटक अस्थिरच असतो. तो जितका झटपट तयार होतो, तितक्याच सहज मागेही फिरतो. म्हणून रक्तात त्याचे प्रमाण काही मर्यादेपलीकडे जात नाही. याशिवाय एक दुसरा, सावकाश होणारा बदल आहे. त्यात रेणूच्या टोकाशी एक नवे कडेच तयार होते. या रूपाला लुमिरुबिन म्हणतात. ते मागे फिरत नाही आणि पित्तावाटे तसेच लघवीवाटे बाहेर पडते. खरेखुरे जळून तुकडे होणेही घडते, पण त्याचा वाटा लहान.

या बारकाव्याला व्यवहारात अर्थ आहे. निळ्या दिव्याखाली बाळाची कातडी लवकर उजळते, कारण उजेड पोचतो तो कातडीत आणि तिच्या लगतच्या बारीक रक्तवाहिन्यांत. रक्तातले प्रमाण मात्र तितके उतरलेले नसते. रॉचफर्डच्या त्या बाळाचे फिकट अंग डोळ्यांना बरे झालेले दिसले असेल, पण नुसत्या डोळ्यांवर विसंबणे इथे धोक्याचे. "आता पिवळं दिसत नाही, घरी नेऊ या" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला लावतात, ते उगाच नव्हे.

डोळ्यांवरची पट्टी

बाळाच्या डोळ्यांवर पट्टी का बांधतात? तीव्र उजेडाने कोवळ्या दृष्टिपटलाला इजा होऊ नये म्हणून. पण या पट्टीआड आणखी एक नाते दडलेले आहे. काविळीच्या माणसाला सारे जग पिवळे दिसते, ही म्हण कावीळ आणि डोळा यांना शेजारी बसवते. रसायनशास्त्रातही ते शेजारीच बसतात.

दृष्टिपटलातल्या प्रत्येक प्रकाशग्राही पेशीत रेटिनल नावाचा रेणू प्रथिनाच्या कुशीत बसवलेला असतो. तो 'अ' जीवनसत्त्वापासून बनतो, म्हणूनच ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. या रेणूच्या साखळीत ११ व्या कार्बनपाशी एक बाक असतो. प्रकाशाचा कण शोषला गेला की तिथला दुसरा खिळा सैल होतो, साखळी फिरते आणि बाक सरळ होतो. बस. पुढे प्रथिनाचा आकार बदलतो, पेशीत संकेत उठतो, मेंदूला कळते की उजेड दिसला. जॉर्ज वाल्ड यांनी याचा उलगडा केला आणि १९६७ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. हे वळण सुमारे २०० फेम्टोसेकंदांत पुरे होते, असे १९९१ साली मोजले गेले. एका सेकंदाच्या तुलनेत एक फेम्टोसेकंद किती? सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांच्या तुलनेत एक सेकंद, तितका.

बिलिरुबिनची गिरकी बहुतेक वेळा वाया जाते, रेटिनलची मात्र दर तीन कणांमागे सुमारे दोनदा सफल होते. भोवतालच्या प्रथिनाने तिला तशी दिशा दिलेली असते. शरीराने बिलिरुबिन काही उजेडासाठी घडवलेले नाही. ते तर टाकाऊ द्रव्य. डोळ्यातला रेणू मात्र याच कामासाठी निवडला गेला आहे. पण मूळ क्रिया एकच. हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांत जे घडत आहे आणि निळ्या दिव्याखालच्या बाळाच्या कातडीत जे घडते, त्या दोन्हींची सुरुवात दुहेरी बंधाच्या एका वळणाने होते.

मग उन्हाचे काय?

आत्यांचे दुसरे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नव्हते. उन्हात निळा उजेड असतोच, आणि शोध लागला तोही उन्हातच. पण ऊन निवडून घेता येत नाही. त्यात निळ्याबरोबर कातडी पोळणारा अतिनील भाग येतो, अंग तापवणारा अवरक्त भाग येतो. कोवळे ऊन घटकाभर असते, उपचार मात्र अनेक तास लागतो. बाळ उघडे ठेवावे तर गारठते किंवा तापते, गुंडाळावे तर चादरीच्या कोपऱ्याखालचा त्रिकोण तसाच राहतो. नायजेरियात, जिथे वीज आणि यंत्रे दोन्ही दुर्मीळ, तिथे संशोधकांनी उन्हावर गाळणीसारखी पारदर्शक पटले ताणून अतिनील आणि अवरक्त भाग अडवला आणि खाली बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीत ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गाळलेले ऊन दिव्याच्या तोडीस तोड ठरले. म्हणजे आत्यांचे ऊन खरे होते. पण गाळलेले, मोजलेले आणि रक्ततपासणीच्या जोडीने. गडद पिवळे, सुस्त, दूध न ओढणारे बाळ घरच्या ओट्यावर उन्हात धरून दोन दिवस वाट पाहणे, हा उपचार नव्हे. त्या दोन दिवसांत मेंदूचे जे नुकसान होते, ते कोणताही उजेड परत वळवू शकत नाही.

आता ट्यूबलाइटची जागा निळ्या एलईडीने घेतली आहे. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याचा फायदा इथे सरळ आहे: हवा तेवढाच रंग मिळतो आणि शेक जवळजवळ नाहीच.

१९५८ च्या त्या निबंधावर लेखक म्हणून तीन नावे आहेत. सिस्टर वॉर्ड यांचे त्यांत नाही. त्यांना फोटॉन, दुहेरी बंध, समघटक यांतले काही सांगायचे नव्हते. एका बाळाच्या अंगावर एक त्रिकोण वेगळा दिसतो, एवढेच दाखवायचे होते. त्यामागचे कारण कळायला पुढे वीसेक वर्षे लागली.

बाळ आता वर्षाचे झाले आहे. परवा आत्यांना हे सगळे सांगितले, दाराच्या पाटीला एक खिळा ठेवून आणि मग दुसरा मारून दाखवले. त्यांनी पाटी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे जाळत नाही, वळवतो." एवढ्या पानांत मला जे सांगायचे होते, ते इतकेच होते.